अमेरिकेतील हद्दपारी टाळण्यासाठी कुटुंबावरचे संकट कोर्टात कसे सिद्ध करावे

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण न्यायाधीशाला एकच गोष्ट सांगतो : मला परत पाठवले तर माझ्या मुलाबाळांचे हाल होतील. ते बहुधा खरेच असते. मात्र आईबाप देशाबाहेर गेल्यावर मुलांचे हाल होणारच, हे कायद्याने आधीच गृहीत धरलेले आहे आणि तेवढ्यावर तो कोणालाही थांबू देत नाही. इतर हद्दपार कुटुंबांच्या वाट्याला येते त्यापेक्षा या एका मुलाच्या, या एका आईच्या किंवा या एका पत्नीच्या वाट्याला येणारे संकट फार मोठे आणि वेगळे आहे, हे कागदोपत्री दाखवावे लागते. ते कसे दाखवायचे, याचीच माहिती या लेखात आहे. प्रत्येक खटल्याचे तपशील वेगळे असल्याने हा लेख वकिलाची जागा घेऊ शकत नाही. पण वकिलाकडे जाताना हातात काय असावे, एवढे तो नक्की सांगू शकेल.

येथे विचार केला आहे तो ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’ या सवलतीचा, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्या व्यक्तीने ईओआयआर-४२बी हा फॉर्म भरून मागायच्या सवलतीचा. अर्ज मंजूर झाला तर हद्दपारी रद्द होतेच, शिवाय ग्रीन कार्डही मिळते. म्हणूनच तिच्या अटी कडक आहेत. हा अर्ज कोणत्याही कार्यालयात आपण होऊन करता येत नाही. सरकारने ‘नोटीस टू अपिअर’ (कोर्टात हजर राहण्याची नोटीस) देऊन कोर्टात खटला सुरू केल्यावरच बचाव म्हणून तो करता येतो. ‘दहा वर्षे राहिलात की ग्रीन कार्ड मिळते, आम्ही मिळवून देतो’ असे सांगून पैसे घेणारे सल्लागार प्रत्यक्षात लोकांच्या नावे खोटा आश्रयाचा अर्ज दाखल करतात, त्यामुळे त्या लोकांवर खटला ओढवतो आणि मग त्यांना ४२बीच्या रांगेत उभे करतात. अशा माणसाला पैसे देऊ नयेत आणि आपल्या सहीचा कोरा फॉर्म तर मुळीच देऊ नये.

आधी पात्रता तपासा

हालांचा पुरावा गोळा करायला महिनोन्महिने लागतात. म्हणून त्याआधी बाकीच्या अटी पूर्ण होतात की नाही, हे पाहून घ्यावे. पहिली अट म्हणजे अमेरिकेत सलग दहा वर्षांचे वास्तव्य. ते कायदेशीर असलेच पाहिजे असे नाही. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बीवर घालवलेली वर्षेही मोजली जातात. मराठी कुटुंबांना ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण आपल्यापैकी बहुतेक जण सीमा ओलांडून न येता व्हिसावर आलेले असतात आणि पुढे नोकरी गेल्यामुळे, मुदतवाढ नाकारल्यामुळे किंवा लग्न मोडल्यामुळे त्यांचा दर्जा संपतो. २०२५ च्या फेब्रुवारीत यूएससीआयएसने, म्हणजे व्हिसा-मुदतवाढ आणि ग्रीन कार्डाचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी खात्याने, आपले धोरण कडक केले. अर्ज नामंजूर झाल्यावर ज्याच्याकडे कायदेशीर दर्जा उरत नाही, त्याला कोर्टाची नोटीस देण्याकडे आता या खात्याचा कल आहे, त्यामुळे एकेकाळी कोर्टाचा विचारही न करणाऱ्या कुटुंबांवर ही वेळ येऊ शकते.

एकाच वेळी ९० दिवसांपेक्षा जास्त किंवा सगळ्या फेऱ्या मिळून १८० दिवसांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास सलगता तुटते. आईच्या आजारपणासाठी भारतात चार महिने राहिलेल्या माणसाची गणना त्या परतीपासून पुन्हा सुरू होते. शिवाय योग्य नोटीस हाती पडली की दहा वर्षांचे घड्याळ थांबते. येथे ‘योग्य’ या शब्दाला वजन आहे. ‘पेरेरा विरुद्ध सेशन्स’ (२०१८) आणि ‘निझ-चावेझ विरुद्ध गार्लंड’ (२०२१) या निकालांमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या नोटिशीवर सुनावणीची वेळ आणि ठिकाण नाही ती घड्याळ थांबवत नाही, आणि राहिलेला तपशील नंतर वेगळ्या कागदावर पाठवून ती उणीव भरूनही काढता येत नाही. म्हणून जुनी नोटीस फेकून देऊ नका. तिची तारीख आणि तिच्यावरच्या मोकळ्या जागा वकिलाला दाखवा.

दुसरी अट चांगल्या वर्तणुकीची आणि तिसरी काही विशिष्ट गुन्ह्यांत दोषी न ठरण्याची. अमली पदार्थ, फसवणूक, घरगुती हिंसाचार आणि काही वेळा दुकानातली किरकोळ चोरीसुद्धा आड येते. स्थानिक कोर्टाने नोंद पुसून टाकली असली, तरी इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा शिल्लकच असते. त्यामुळे प्रत्येक अटकेचे आणि निकालाचे प्रमाणित कागद आधी मिळवावेत. दारू पिऊन गाडी चालवल्याचे दोन किंवा अधिक गुन्हे दहा वर्षांच्या काळातले असतील, तर २०१९ च्या एका निर्णयानुसार वर्तणूक चांगली नसल्याचेच गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढणे अर्जदाराला फार जड जाते.

काही लोकांसाठी हे दार मुळातच बंद आहे. ३० जून १९६४ नंतर जहाजावरचा खलाशी म्हणून अमेरिकेत आलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही. गोव्यातून आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पिढ्यान्पिढ्या माणसे जहाजांवर जात आली आहेत. त्यांच्यापैकी कोणी बंदरात उतरून तिथेच राहिला असेल, तर दहा वर्षे आणि आजारी मूल असूनही त्याला वेगळा मार्ग शोधावा लागेल. पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणासाठी जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर आलेले डॉक्टर आणि मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट पूर्ण किंवा माफ न झालेले इतर जे-१ धारकही यातून वगळलेले आहेत.

याहून सोपा उपाय उपलब्ध आहे का, हेही याच टप्प्यावर पाहावे. रीतसर व्हिसावर आलेल्या आणि आता अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या व्यक्तीला बहुधा हालांचा कोणताही पुरावा न देता ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. ज्याच्याकडे आधीच ग्रीन कार्ड आहे त्याच्यासाठी ४२ए हा वेगळा अर्ज असतो. त्यात हालांची अट नसते, बऱ्या-वाईट गोष्टींची तुलना होते. तसेच बेकायदा वास्तव्यामुळे लागणारी तीन किंवा दहा वर्षांची बंदी माफ करून घेण्यासाठी जो अर्ज असतो, त्यातली ‘अतीव हाल’ ही कसोटी ४२बीपेक्षा सौम्य आहे, मात्र तिथे पती, पत्नी किंवा आईवडील यांचेच हाल मोजतात, मुलांचे मोजत नाहीत. तीन अर्जांचे नियम एकमेकांत मिसळून सल्ला देणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

कोणाचे हाल मोजले जातात

१९९६ च्या कायद्याआधी सात वर्षे राहिलेला माणूस स्वतःच्या हालांवरही सवलत मागू शकत असे. आता तसे राहिलेले नाही. ४२बीमध्ये अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेले पती, पत्नी, आईवडील किंवा २१ वर्षांखालील अविवाहित मूल यांचेच हाल मोजले जातात. भाऊ, बहीण, नातवंडे आणि आजी-आजोबा यात येत नाहीत. अर्जदाराचे स्वतःचे दुःख थेट धरले जात नाही, पण त्याचा परिणाम या नातेवाइकावर कसा होतो हे दाखवले तर त्यालाही महत्त्व येते. उदाहरणार्थ, भारतात गेल्यावर आईला काम मिळणार नाही हा मुद्दा एकटा उपयोगाचा नाही. तिला काम मिळाले नाही तर मुलाच्या औषधांचा खर्च कसा भागणार, असा तो मांडावा लागतो. सावत्र मूलही यात बसू शकते.

मुलाच्या वयाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. प्रचलित निर्णयांनुसार अर्ज दाखल करताना नव्हे, तर न्यायाधीश निकाल देतो त्या दिवशी मूल २१ वर्षांखालचे असावे लागते. खटले अनेक वर्षे चालतात. मुलगी १९ वर्षांची असेल आणि सुनावणीची तारीख तीन वर्षांनंतरची मिळाली असेल, तर तारीख अलीकडे आणण्याचा लेखी अर्ज ताबडतोब करावा, आणि अर्जदाराच्या आईवडिलांपैकी कोणाला भावाने किंवा बहिणीने ग्रीन कार्ड मिळवून दिले असेल, तर त्यांची बाजूही आजपासूनच उभी करायला घ्यावी.

कसोटी किती कडक आहे

कायद्यातली कसोटी ‘असाधारण आणि अत्यंत विरळा’ अशा हालांची आहे. तिचा अर्थ इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २००१ आणि २००२ मधल्या तीन निर्णयांत लावला, आणि आजही प्रत्येक सुनावणीत त्यांचीच नावे निघतात. हद्दपारीमुळे सर्वसाधारणपणे जे हाल होतात त्यापेक्षा हे हाल बऱ्याच अंशी अधिक असले पाहिजेत, मात्र ते मनाला सहनच होणार नाहीत इतक्या टोकाचे असण्याची गरज नाही, असे ‘मोनरियाल’ प्रकरणात ठरले. त्या अर्जदाराची मुले अमेरिकन होती, आईवडील ग्रीन कार्डधारक होते, तो स्वतः पोरवयात अमेरिकेत आलेला होता. तरीही तो हरला. ‘अंडाझोला’ प्रकरणात दोन अमेरिकन मुलांची अविवाहित आई हरली. मेक्सिकोत शाळा आणि संधी कमी आहेत, एवढ्याने मंडळाचे समाधान झाले नाही.

‘रेसिनास’ प्रकरणातली आई मात्र जिंकली. तिला सहा मुले होती, त्यांतली चार अमेरिकन नागरिक. ती घटस्फोटित होती, मुलांचा सगळा भार तिच्या एकटीवर होता. मुलांना स्पॅनिश नीट येत नव्हते. तिचे आईवडील आणि भावंडे कायदेशीररीत्या अमेरिकेत होती, तिची आई नातवंडांना सांभाळत असे आणि मेक्सिकोत आधार द्यायला जवळचे कोणीच उरले नव्हते. अशा प्रकरणांची ही बाहेरची सीमा आहे, असे मंडळाने बजावले. या तिन्ही निकालांतून मी एक धडा घेतो : कोणता एक मुद्दा मोठा आहे याच्या वादात न पडता सर्व मुद्दे एकत्र ठेवून त्यांचे एकूण वजन किती भरते ते पाहावे, आणि प्रत्येक मुद्द्यामागे कागद असावा. २०२० च्या एका निर्णयाने ही एकत्रित मोजणी पुन्हा मान्य केली. पण आजाराबाबत एक अटही घातली, तिचा विचार पुढे केला आहे.

मूल जाणार की राहणार, हे आधी ठरवा

बरीच प्रकरणे इथेच ढासळतात. अर्जात लिहिलेले असते की मूल आईबरोबर भारतात जाईल आणि तिथे त्याचे हाल होतील. उलटतपासणीत आई सांगते की छे, मुलाला मी नेणारच नाही, ते मामाकडे राहील. एका क्षणात साऱ्या पुराव्याचा पाया हलतो. म्हणून कुटुंबाने घरी बसून शांतपणे ठरवावे आणि साक्षीदारांसह सर्वांनी तेच सांगावे. सांगायचे ते खरे असावे, पढवलेले असू नये.

मूल जाणार असेल तर तिथली शाळा, भाषा, उपचार, घर आणि उत्पन्न यांचा पुरावा लागतो. मूल राहणार असेल तर ते कोणाकडे, त्या व्यक्तीची तयारी आणि ऐपत काय, हे शपथपत्रावर लागते. आईबापांनी ‘मूल मागे ठेवू’ असे नुसते म्हणणे पुरत नाही, तशी व्यवस्था केल्याचे दिसावे लागते, असे मंडळाने १९९४ मध्येच म्हटले आहे. शक्य असेल तिथे दोन्ही मार्गांनी काय होईल हे मांडावे, पण कुटुंबाचा कल कुठे आहे हे न्यायाधीशाला स्पष्ट कळले पाहिजे.

वैद्यकीय पुरावा

‘या मुलाला दमा आहे व त्याला आईवडिलांची गरज आहे’ अशा दोन ओळींचे डॉक्टरांचे पत्र फाइलमध्ये असून नसून सारखेच. प्रत्येक मुलाला आईवडिलांची गरज असते. उपयोगी पत्रात निदान काय आणि ते कधी झाले, गेल्या दोन-तीन वर्षांत किती वेळा इमर्जन्सीत जावे लागले, कोणती औषधे कोणत्या मात्रेत चालू आहेत, कोणते तज्ज्ञ किती दिवसांनी तपासतात, उपचार खंडित झाला तर काय होऊ शकते आणि रोजच्या उपचारात अर्जदार नेमके काय करतो, हे सगळे येते. ‘रात्री श्वास कोंडल्यास नेब्युलायझर लावणे, पीक फ्लो मीटरचे आकडे वहीत नोंदवणे आणि रुग्णालयात कधी न्यायचे हे ठरवणे ही कामे वडील करतात, आई रात्रपाळीला असते’ हे एक वाक्य पानभर कळकळीपेक्षा मोलाचे आहे. पत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे असावे आणि त्यासोबत मूळ नोंदी जोडाव्यात. आकड्यांची ती वहीही जोडावी. २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या ‘विल्किन्सन विरुद्ध गार्लंड’ खटल्याचा निकाल दिला, त्यातल्या मुलालाही दम्याचाच गंभीर विकार होता.

पत्र मागताना डॉक्टरांना कोऱ्या विनंतीऐवजी वरील प्रश्नांचा कागद द्यावा. त्यांना कायद्याची कसोटी ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांनी वैद्यकीय वस्तुस्थिती तेवढी पूर्णपणे लिहावी. ‘असाधारण हाल होतील’ असा निष्कर्ष त्यांच्याकडून लिहून घेऊ नये, तो न्यायाधीशाने काढायचा असतो.

मानसिक त्रासाचा मुद्दा असेल तर परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचा अहवाल लागतो. सुनावणीच्या आठवडाभर आधी एकदाच भेटून घेतलेल्या अहवालाकडे सरकारी वकील संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. मुलाला खरोखर त्रास होत असेल तर त्याला उपचार आजच सुरू झाले पाहिजेत, खटल्यासाठी नव्हे तर त्याच्यासाठी. आपल्या घरांमध्ये मुलाला समुपदेशकाकडे नेणे अजूनही कमीपणाचे मानले जाते. त्यापायी मूलही एकटे पडते आणि पुढे कोर्टात दाखवायला नोंदही राहत नाही.

शाळा आणि विशेष गरजा

स्वमग्नता, वाचनदोष किंवा वाचादोष असलेल्या मुलासाठी अमेरिकेतली सरकारी शाळा जो लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा बनवते, तो आयईपी. तो या प्रकारच्या खटल्यातला सर्वांत बळकट कागद ठरू शकतो, कारण तो खटल्यासाठी बनलेला नसतो. आराखड्याच्या सर्व वर्षांच्या प्रती, मूल्यमापनाचे अहवाल, थेरपीच्या आठवडी वेळा आणि वर्गशिक्षकाचे पत्र एकत्र ठेवावे. मूल तीन वर्षांपूर्वी काय करू शकत नव्हते आणि आज काय करू शकते, हे शिक्षकाने लिहिले तर फार उत्तम. सेवा बंद पडल्यास काय गमावले जाईल ते त्यातून दिसते.

विशेष गरजा नसलेल्या मुलाबाबत भाषेचा मुद्दा येतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला आजीशी फोनवर बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही, हे आपल्याकडे सर्रास दिसते. मात्र पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत हे सरकारी वकिलालाही ठाऊक असते. त्यामुळे हा मुद्दा एकट्याने टिकत नाही. मूल कोणत्या इयत्तेत आहे, कोणत्या गावी राहावे लागणार आहे, तिथे परवडेल अशी इंग्रजी शाळा आहे का, अशा तपशिलांसह तो मांडला तरच एकूण वजनात त्याची भर पडते.

भारतातल्या परिस्थितीचा पुरावा

मराठी अर्जदाराची खरी परीक्षा इथे होते. २०२० च्या ज्या निर्णयाचा उल्लेख वर केला, त्यानुसार आजाराच्या आधारावर सवलत मागायची असेल आणि नातेवाईक बरोबर जाणार असेल, तर आजार गंभीर आहे एवढेच दाखवून भागत नाही. त्या देशात पुरेसा उपचार वाजवीपणे मिळू शकत नाही, हेही दाखवावे लागते. भारतात मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई येथे जगभरातून रुग्ण येतात. ‘भारतात चांगले डॉक्टर नाहीत’ असे विधान केले तर अर्जदाराची विश्वासार्हताच जाईल. ते खरे नाही आणि करूही नये.

प्रश्न वेगळा विचारायला हवा : हे उपचार या कुटुंबाला, ते जिथे राहू शकेल त्या ठिकाणी, त्याच्या उत्पन्नात मिळतील का? अर्जदाराचे घर परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात असेल, तर मुलाला लागणारे वाचा-उपचार किंवा पेडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्ट तिथून किती किलोमीटरवर आहेत, आठवड्यातून तीनदा तेवढा प्रवास शक्य आहे का, ते औषध त्या भागात मिळते का, हे शोधावे. त्यावर सरकारी वकील पुण्यात राहा असे म्हणणारच. त्याचे उत्तर आधीच फाइलमध्ये हवे : पुण्यातले भाडे, उपचारांचा मासिक खर्च, अर्जदाराला त्याच्या शिक्षणावर आणि वयावर मिळू शकेल असा पगार, आणि आधी असलेल्या आजाराला खासगी विमा किती काळानंतर व किती संरक्षण देतो. रुग्णालयांना ईमेल करून खर्चाचे अंदाजपत्रक आणि प्रतीक्षेचा काळ लेखी मागवावा. आलेले उत्तर प्रतिकूल असले तरी ते वकिलाला दाखवावे. न्यायाधीशासमोर अचानक उघडे पडण्यापेक्षा ते बरे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे मानवाधिकार अहवाल आणि अपंगत्वाविषयीची सरकारी माहिती पार्श्वभूमी म्हणून जोडता येते, पण देशाविषयीचा अहवाल या एका मुलाविषयी काही सांगत नाही.

मूल अमेरिकन नागरिक असल्याने भारतात ते परदेशी ठरते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळाल्यास त्याला तिथे राहता आणि शिकता येते, आणि सरकारी वकील तसे म्हणू शकतो. म्हणून ‘त्याला भारतात राहता येणार नाही’ असा मुद्दा करू नये. ओसीआयचा अर्ज, त्याला लागणारा वेळ आणि सरकारी योजनांचा लाभ मिळतो की नाही, एवढेच खरेखुरे मांडावे.

महाराष्ट्रातले नातेवाईक या टप्प्यावर मोठी मदत करू शकतात. भावाने किंवा काकांनी नोटरीसमोर शपथपत्र करावे : घरात किती माणसे, किती खोल्या, उत्पन्नाचे साधन काय, कोणाचे आजारपण, आणि परत येणाऱ्या कुटुंबाला किती दिवस व किती आधार देता येईल. त्याला रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा जोडावा. परिस्थिती आहे त्यापेक्षा वाईट दाखवू नये. सातबारा ‘महाभूलेख’वर कोणालाही पाहता येतो, आणि ‘आमच्याकडे काही नाही’ असे लिहिणाऱ्या भावाच्या नावावर आठ एकर बागायत निघाली, तर एका शपथपत्रामुळे उरलेली सगळी साक्ष खोटी वाटू लागते. जमीन असेल तर ती लिहावी, आणि तिच्यावरचे कर्ज, वाटेकरी व प्रत्यक्ष उत्पन्नही लिहावे.

वृद्ध आईवडील आणि पैशाचा प्रश्न

ग्रीन कार्डधारक आईवडिलांचे हाल दाखवताना सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाकीची भावंडे काय करतात? त्यामुळे प्रत्येक भावंड कुठे राहते, त्याची नोकरी आणि जबाबदाऱ्या काय, आणि ते आईला का सांभाळू शकत नाही, याचे त्या भावंडाच्याच सहीचे निवेदन घ्यावे. डायलिसिसला कोण नेते, औषधे कोण देते, डॉक्टरांशी इंग्रजीत कोण बोलते, याची एका आठवड्याची नोंद ठेवल्यास ती बोलकी ठरते.

राहणीमान खालावेल, हा मुद्दा एकटा सहसा पुरत नाही. घरखर्चाचा आजचा आणि उद्याचा हिशेब एका पानावर मांडून तो आजार किंवा शिक्षणाच्या मुद्द्याला जोडावा आणि पुढे जावे.

फाइल आणि सुनावणी

दहा वर्षांचे वास्तव्य दाखवण्यासाठी प्रत्येक वर्षातल्या तीन-चार महिन्यांमागे निदान एक तारीख असलेला कागद हवा : करविवरण, भाडेकरार, मुलांचे लसीकरण, बँकेचे उतारे, भारतात पैसे पाठवल्याच्या पावत्या. कर भरलेले नसतील तर ते आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणाऱ्या कर-क्रमांकावर) आता भरावेत, आणि उशीर का झाला हे विचारल्यास खरे सांगावे.

मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावा लागतो. भाषांतरकाराला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असे त्याच्या सहीचे प्रमाणपत्र त्यासोबत नसेल तर तो कागद नाकारला जाऊ शकतो. कुटुंबाबाहेरच्या माणसाकडून भाषांतर करून घेणे चांगले. कागद कोर्टात सादर करण्याची मुदत न्यायाधीश ठरवतो. ती चुकल्यास उत्तम पुरावाही बाहेर राहतो. अर्जाचे शुल्क २०२५ मध्ये वाढले आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये. पैसे भरल्याची पावती आणि बोटांचे ठसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा. अर्ज प्रलंबित असताना कामाच्या परवान्यासाठीही अर्ज करता येतो.

कोर्ट दुभाषा विनामूल्य देते. पहिल्याच तारखेला आपली भाषा मराठी असल्याचे नोंदवावे. ‘हिंदी चालेल’ असे संकोचापोटी म्हणून टाकले जाते आणि मग मुलाच्या आजाराविषयी बोलताना आईचे शब्द अडखळतात. ती उत्तरे टाळते आहे असा त्याचा अर्थ लागू शकतो. साक्ष देताना विचारले तेवढेच सांगावे, तारीख आठवत नसेल तर आठवत नाही असे म्हणावे. डॉक्टर किंवा शिक्षक फोनवरून अथवा व्हिडिओवरून साक्ष देऊ शकतील का, हे आधी विचारावे. लहान मुलांना साक्षीला उभे करणे मला शेवटचा पर्याय वाटतो. त्यांच्या हातचे साधे पत्र बहुतेक वेळा पुरते.

हाल सिद्ध झाले तरी शेवटचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकावर असतो. म्हणून महाराष्ट्र मंडळातले काम, शेजाऱ्यांची पत्रे, नोकरीतली चिकाटी आणि भरलेले कर यांचेही कागद जोडावेत.

निकालानंतर

एका आर्थिक वर्षात अशा ४,००० अर्जांनाच मंजुरी देता येते, आणि हे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. कोटा संपला की अनुकूल निकालही राखून ठेवला जातो आणि कुटुंब वाट पाहत राहते. अर्ज फेटाळला गेल्यास अपील मंडळाकडे जाण्याची मुदत फार थोडी असते, आणि अपिलांचे नियम अलीकडे बदलत आहेत; त्यामुळे निकालाच्या दिवशीच वकिलाकडून अखेरची तारीख लेखी घ्यावी. मंडळानंतर फेडरल अपील न्यायालयात ३० दिवसांत जाता येते. सिद्ध झालेली वस्तुस्थिती कायद्याच्या कसोटीला उतरते की नाही, हे ते न्यायालय तपासू शकते, असे ‘विल्किन्सन’ निकालाने मान्य केले आहे. वस्तुस्थिती काय होती याचा वाद मात्र ‘पटेल विरुद्ध गार्लंड’ (२०२२) या निकालानंतर तिथे नेता येत नाही. याचा सरळ अर्थ असा की आजार किती गंभीर, थेरपी किती दूर, काळजी कोण घेते, हे पहिल्याच न्यायाधीशासमोर पूर्ण सिद्ध झाले पाहिजे. पुढे ती संधी नाही.

पर्याय म्हणून स्वेच्छेने देश सोडण्याची परवानगी मागता येते, पण ती घेऊन मुदतीत न गेल्यास दंड होतो आणि दहा वर्षे कॅन्सलेशनसह अनेक सवलती बंद होतात. तारखेला गैरहजर राहिल्यास तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघतो. म्हणून घर बदलल्यास पाच दिवसांत ईओआयआर-३३ फॉर्मवर नवा पत्ता कोर्टाला कळवावा, आणि सुनावणीची तारीख नोटिशीवरच्या ए-नंबरने (आपल्या इमिग्रेशन फाइलच्या क्रमांकाने) कोर्टाच्या स्वयंचलित माहितीसेवेवर दर आठवड्याला तपासावी. निकाल लांबत असेल तर दर सहा महिन्यांनी डॉक्टरांचे नवे पत्र आणि शाळेचा नवा आराखडा फाइलमध्ये घालावा, कारण सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश मुलाची त्या दिवशीची स्थिती विचारतो.